इन्यो काउंटीचं पाणी: रीतसर खरेदीखतावर झालेला खेळखंडोबा

कॅलिफोर्निया म्हटलं की सिलिकॉन व्हॅली, हॉलीवूड, समुद्रकिनारा एवढंच आठवतं, पण त्याच राज्याच्या पूर्वेच्या कडेला, नेवाडाला चिकटून इन्यो नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. क्षेत्रफळ २६ हजार चौरस किलोमीटरच्या वर आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या किती, तर १९,०१६. म्हणजे एका चौरस किलोमीटरला धड एक माणूससुद्धा येत नाही. अख्ख्या काउंटीत नगरपालिका असलेलं शहर एकच, बिशप, आणि तिथेही चार हजारांच्या आतच लोक. जिल्ह्याचं ठाणं आहे इंडिपेंडन्स नावाच्या गावात आणि ते तर बिशपहूनही छोटं.

आणि भूगोल बघाल तर अगदी टोकाचा. माउंट व्हिटनी, अलास्का-हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेतलं सगळ्यात उंच शिखर, १४,५०५ फूट, ते काउंटीच्या पश्चिम हद्दीवर, आणि डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली, उत्तर अमेरिकेतली सगळ्यात खोल जमीन, ती याच काउंटीच्या पूर्व भागात, दोन्हींमधलं हवाई अंतर दीडशे किलोमीटरसुद्धा नाही. डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ ला ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, तो जागतिक विक्रम म्हणून अजून मानतात (त्यावर हवामानवाल्यांचे वाद चालू असतात, ते जाऊ दे). पर्यटक येतात ते या टोकांसाठी, पण आपलं प्रकरण आहे मधल्या पट्ट्याचं, ओवेन्स व्हॅलीचं.

ओवेन्स व्हॅली म्हणजे पश्चिमेला सिएरा नेवाडा आणि पूर्वेला व्हाइट आणि इन्यो डोंगर यांच्यात सापडलेला लांबच लांब खोलगट पट्टा. पॅसिफिकवरून येणारे ढग सिएरावर आपटतात, तिकडेच रिकामे होतात, आणि अलीकडे वर्षाला जेमतेम पाच-सहा इंच पाऊस पडतो. शाळेत शिकलेला पर्जन्यछायेचा प्रदेश, तो हा. मग पाणी येतं कुठून? तर सिएराच्या माथ्यावर हिवाळ्यात जो बर्फ साठतो तो उन्हाळ्यात वितळतो आणि त्याचे डझनावारी ओढे सरळ खाली दरीत उतरतात आणि ओवेन्स नदीला मिळतात. आता ही नदी समुद्राला जातच नाही. दरीच्या दक्षिण टोकाला ओवेन्स लेक नावाचं खारं तळं होतं, तिथे तिचा प्रवास संपायचा, पुढे पाण्याला जायला वाटच नव्हती.

म्हणजे पाऊस नाही पण पाणी भरपूर. शिवाय अख्खी दरी साडेतीन ते चार हजार फुटांवर, आणि दक्षिणेला ३५० किलोमीटरच्या आसपास लॉस एंजेलिस, जवळपास समुद्रसपाटीला. कुठल्याही इंजिनिअरला हे दोन आकडे शेजारी लिहून दिले की तो काय म्हणणार ते सांगायला नको, एकही पंप न लावता पाणी आपोआप वाहत जाईल. इन्योचं नशीब या उताराने ठरवलं असं म्हणायला हरकत नाही, पण पाणी उताराने जातं तसं ते कागदाच्या मागेही जातं, आणि या प्रकरणात मला तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. इथे कुणी बंदूक लावून पाणी पळवलं नाही (निदान दुसऱ्या वेळी तरी नाही), सगळं खरेदीखतं करून, सह्या घेऊन, पैसे मोजून झालं.

पहिली वेळ, जिचा कागदच नव्हता

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण १९०५ पासून सुरुवात करतात, गरीब शेतकरी विरुद्ध धनदांडगं शहर. पण त्याआधी कित्येक पिढ्या इथे पायूट नावाचे मूळ रहिवासी लोक राहत होते आणि ते नुसते शिकार करून फिरणारे नव्हते, त्यांनी पाट काढलेले होते. बिशपजवळच्या ओढ्यावर दर वसंतात दगड, माती, झुडपं टाकून बांध घालायचा, मैलोनमैल पाटांनी पाणी कुरणांवर फिरवायचं, जमिनीत गड्डे धरणाऱ्या रानवनस्पती वाढवायच्या आणि खायच्या. पाणी सोडायला माणूस निवडला जायचा, लोकांनी मिळून निवडलेला पाटकरीच म्हणा. ओढ्याच्या उत्तरेचा तुकडा एका वर्षी भिजवायचा, दक्षिणेचा पुढच्या वर्षी, म्हणजे जमिनीला विश्रांती. शरद ऋतूत बांध फोडायचा आणि कोरड्या पडलेल्या पाटातले मासे गोळा करायचे. इतकं पद्धतशीर काम, पण नोंद कुठल्याच सरकारी दप्तरात नाही.

१८६१ पासून गोरे पशुपालक गुरं घेऊन आले, आसपासच्या खाणींच्या गावांना मटण-बीफ पुरवायचं होतं. गुरं शिरली ती नेमकी याच भिजवलेल्या हिरव्या तुकड्यांत, साहजिकच आहे, अख्ख्या दरीत हिरवं तेवढंच होतं. त्यात १८६१-६२ चा हिवाळा भयंकर गेला, पायूटांनी उपाशीपोटी गुरं मारायला सुरुवात केली, मग गोळ्या चालल्या, मग लष्कर आलं. ४ जुलै १८६२ ला छावणी पडली म्हणून तिचं नाव कॅम्प इंडिपेंडन्स, आणि त्यावरूनच आजच्या ठाण्याच्या गावाचं नाव. जुलै १८६३ मध्ये हजाराच्या आसपास पायूट लोकांना चालवत दक्षिणेला फोर्ट तेहोनला नेलं. त्यातले बरेच वाटेत निसटले किंवा नंतर परतले, पण तोवर पाटांवर नवे मालक बसलेले होते. परत आलेले लोक आपल्याच पाटांवर मजुरीने कामाला लागले.

इन्यो काउंटी अधिकृतपणे १८६६ मध्ये झाली. मधला काळ भराभर सांगतो. सेरो गोर्दोच्या डोंगरात चांदी-शिसं सापडलं, त्याच्या विटा खेचरांच्या गाड्यांनी लॉस एंजेलिसला जायच्या आणि गंमत म्हणजे त्या व्यापारावर तेव्हाचं छोटंसं लॉस एंजेलिस बऱ्यापैकी पोसलं गेलं. ओवेन्स लेकवर चक्क आगबोट चालायची, १८७२ मध्ये बेसी ब्रेडी नावाची बोट तळ्यात उतरवली, विटांचा माल तळ्यापलीकडे न्यायला. त्याच वर्षी २६ मार्चच्या पहाटे मोठा भूकंप झाला, लोन पाइन गावातली ५९ पैकी ५२ घरं पडली, २७ माणसं गेली. १८८३ मध्ये अरुंद रुळांची रेल्वे आली. खाणी आटल्या तशी शेती वाढली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दरीत अल्फाल्फा, मका, सफरचंद, गुरं असं बरं चाललं होतं. पाटांची लांबी वाढतच होती, कारण कायदा असा की जो आधी पाणी वळवून वापरेल त्याचा हक्क आधी.

विसार देऊन गेलेला माणूस

आता लॉस एंजेलिसकडे बघू. १९०० मध्ये लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर, शहराची स्वतःची नदी एकच, तीही उन्हाळ्यात आटणारी, आणि शहर वाढतंय धपाधप. शहराचा पाणीखात्याचा मुख्य इंजिनिअर विल्यम मुल्होलंड, आयर्लंडहून आलेला, कॉलेजचं तोंड न पाहिलेला, पाट साफ करायच्या नोकरीपासून वर चढलेला माणूस. त्याचा जुना साहेब फ्रेड ईटन, १८९८ ते १९०० शहराचा मेयर. ईटनच्या डोक्यात ओवेन्स नदीची कल्पना आधीपासून होती, १९०४ मध्ये दोघं घोडागाडीतून वाळवंट पार करून दरी बघायला गेले आणि मुल्होलंडला पटलं.

इथे तिसरं पात्र येतं आणि प्रकरणाला खरा वास यायला लागतो. १९०२ मध्ये अमेरिकन सरकारने कोरडवाहू भागात सिंचन करायला रेक्लमेशन सर्व्हिस काढली होती, आणि ओवेन्स व्हॅलीत सरकारी धरण-कालवा करायचा का याची पाहणी १९०३ पासून चालू होती. दरीतले शेतकरी खूष, काहींनी तर सहकार्य म्हणून आपले हक्काचे दावे बाजूला ठेवले. कॅलिफोर्नियातल्या या कामाचा प्रमुख जे. बी. लिपिनकॉट, ईटनचा ओळखीचा, आणि सरकारी नोकरीत असतानाच खाजगी सल्लागारीही करणारा. १९०५ मध्ये त्याने लॉस एंजेलिस शहरासाठी पाण्याच्या पर्यायांवर अहवाल दिला आणि त्याची फी घेतली. त्याच सुमारास ईटन दरीत फिरून नदीकाठच्या जमिनींचे सौदे करत होता, विसार देऊन. लोकांचा समज झाला की हा माणूस सरकारी प्रकल्पासाठी जमीन घेतोय. ईटनने तसं तोंडाने सांगितलं की नुसता समज मोडला नाही यावर अजून भांडणं चालतात. माझ्या मते फरक पडत नाही, समोरचा गैरसमजातून सही करतोय हे दिसत असताना गप्प बसणं म्हणजे काय ते व्यवहार केलेल्या कुणालाही कळतं.

२९ जुलै १९०५ ला लॉस एंजेलिस टाइम्सने बातमी फोडली, शहराला अख्खी नदी मिळणार म्हणून. दरीतल्या लोकांना आपण काय विकलं ते पेपर वाचून कळलं. त्याच वर्षी शहराच्या मतदारांनी १५ लाख डॉलरचे रोखे मंजूर केले, १९०७ मध्ये आणखी २ कोटी ३० लाखांचे. दरीतला सरकारी सिंचन प्रकल्प गुंडाळला गेला. १९०६ मध्ये प्रेसिडेंट थिओडोर रूझवेल्टने सरळ शहराची बाजू घेतली, हे पाणी दरीतल्या मूठभरांपेक्षा शहराच्या कितीतरी जास्त कामाचं आहे असा हिशोब. वर नवीन कुणी तिथे जमिनीवर दावा सांगू नये म्हणून दरीतली मोकळी सरकारी जमीन राष्ट्रीय वनात घालण्यात आली, जिथे झाड औषधाला नव्हतं. लिपिनकॉट सरकारी नोकरी सोडून रीतसर मुल्होलंडच्या हाताखाली रुजू झाला.

कालव्याचं काम मात्र खरंच जबरदस्त, त्याला नावं ठेवता येणार नाहीत. १९०८ ते १९१३, ३७५ किलोमीटर, बोगदे, उघडे कालवे, आणि दऱ्या ओलांडायला पोलादी नळांचे सायफन, जॉबोनच्या सायफनचे नळाचे तुकडे ओढायला एकेका गाडीला बावन्न-बावन्न खेचरं जुंपलेली. पूर्ण रस्ताभर एकही पंप नाही. ५ नोव्हेंबर १९१३ ला पाणी लॉस एंजेलिसला लागून असलेल्या सॅन फर्नांडो व्हॅलीच्या वरच्या उतारावर पोचलं, तीस-चाळीस हजार लोक बघायला जमलेले, आणि मुल्होलंडचं भाषण जवळजवळ एका वाक्याचं: ते बघा, घ्या. पाण्याच्या जोरावर १९१५ मध्ये सॅन फर्नांडो व्हॅली शहरात सामील झाली, आणि तिथल्या जमिनी आधीच घेऊन ठेवलेल्यांमध्ये शहरातले बडे लोक होते, टाइम्सचा मालक धरून. हा योगायोग होता असं म्हणणारे आजकाल फार उरलेले नाहीत.

पाटांची चाळणी

गंमत अशी की पहिली दहा वर्षं दरीतली शेती बऱ्यापैकी चालूच होती, कारण कालव्याचं तोंड नदीच्या खालच्या अंगाला, वरच्या भागात बिशपकडे पाणी होतं. प्रश्न पेटला विसाच्या दशकात. दुष्काळी वर्षं आली, शहर दहा लाखांकडे निघालेलं, आणि वर लाँग व्हॅलीत मोठं धरण बांधलं असतं तर दोघांचं भागलं असतं. ती जागा कुणाची? फ्रेड ईटनची. त्याने त्या जागेचे अव्वाच्या सव्वा पैसे मागितले, मुल्होलंड म्हणाला एवढे देणार नाही, दोन जुने दोस्त कित्येक वर्षं बोलेनासे झाले आणि धरण लटकलं. धरण नाही म्हटल्यावर शहराला एकच मार्ग राहिला, वरची शेतं विकत घेऊन त्यांचं पाणी सोडून घेणं.

आणि ते कसं घेतलं ते बघण्यासारखं आहे. एका पाटावर वीस शेतकरी असले तर सगळ्यांची वर्गणी, सगळ्यांचं श्रमदान, तेव्हा तो पाट चालतो. शहराने मधलीच शेतं उचलली, एक इथलं, एक तिथलं, बुद्धिबळाच्या पटासारखी. उरलेल्यांच्या डोक्यावर पाट दुरुस्त ठेवायचा खर्च वाढला, पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचेना, शेजारी गेला म्हणून शाळेत पोरं कमी, दुकानात गिऱ्हाईक कमी. मग तोही विकतो. प्रत्येकाने आपापला सौदा केला आणि बऱ्याच जणांना भावही चांगला मिळाला, काहींना तर बाजारापेक्षा जास्तच. म्हणून तर हे प्रकरण साध्या लुटीपेक्षा अवघड आहे. एकेकाला पैसे मिळाले, पण सगळ्यांचं मिळून जे होतं, गाव, बाजार, पाट, त्याचा मोबदला कुणाला द्यायचा हे कुठल्याच खरेदीखतात लिहिलेलं नव्हतं. दुकानदाराच्या नावावर पाण्याचा थेंब नाही, तो काय विकणार?

विरोधाचे पुढारी होते विल्फ्रेड आणि मार्क वॉटरसन हे दोघे भाऊ, काउंटीतल्या बँकांचे मालक. २१ मे १९२४ ला लोन पाइनजवळ कालव्याला डायनामाइट लागला. १६ नोव्हेंबरला मार्क वॉटरसनच्या पुढारीपणाखाली सत्तरेक माणसांनी अलाबामा गेट्स ताब्यात घेतली. ही गेटं म्हणजे कालव्यातलं जादा पाणी सोडून द्यायची जागा. त्यांनी चाकं फिरवली आणि शहराचं सगळं पाणी परत नदीच्या जुन्या कोरड्या पात्रात. चार दिवस पाणी वाहत राहिलं आणि तिथे जत्रा भरली, बाया डबे घेऊन आल्या, गुरं कापून भाजली, गावातली दुकानं बंद करून लोक गेटावर, जवळच शूटिंगला आलेल्या टॉम मिक्स या वेस्टर्नपटांच्या हिरोने म्हणे आपली वादक मंडळी पाठवली. शेरीफ येऊन बघून गेला, गव्हर्नरने सैन्य पाठवायला नकार दिला. देशभरातल्या पेपरांत सहानुभूती मिळाली, चौथ्या दिवशी वाटाघाटीच्या आश्वासनावर लोक उठले, आणि या ताब्याबद्दल एकालाही शिक्षा झाली नाही. कुठली स्थानिक ज्युरी देणार होती?

वाटाघाटीतून काही निघालं नाही. १९२७ मध्ये पुन्हा स्फोट, मे महिन्यात नो नेम सायफनचा मोठा तुकडाच उडवला. शहराने बंदूकधारी पहारे बसवले. आणि मग ऑगस्ट १९२७ मध्ये एका झटक्यात सगळं संपलं, पण ते शहरामुळे संपलं नाही. वॉटरसन बंधूंच्या बँका बंद पडल्या. तपासात निघालं की हिशोबात मोठी अफरातफर आहे, ठेवीदारांचा पैसा भाऊ आपल्या दुसऱ्या धंद्यांत फिरवत होते. त्यांचं म्हणणं की दरी तगवायला केलं, बँकेच्या दारावर लावलेल्या पाटीतही दोष लॉस एंजेलिसला दिलेला. खटला इंडिपेंडन्सलाच चालला, ज्युरी ओळखीपाळखीची, तरी दोषी ठरले आणि सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात गेले. ज्यांनी जमीन विकून पैसे बँकेत ठेवले होते त्यांचे पैसेही गेले आणि लढाईही गेली. शहराला आता भांडायला समोर कुणी उरलंच नाही.

मुल्होलंडलाही याचं काही सुख लागलं नाही. लाँग व्हॅलीत धरण होईना म्हणून त्याने शहराजवळ साठे बांधले होते, त्यातलं एक सेंट फ्रान्सिस धरण. १२ मार्च १९२८ ला मध्यरात्रीच्या सुमारास ते फुटलं, चारशेहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी दुपारी तो गळती बघून, ठीक आहे म्हणून आलेला होता. दोष त्याने स्वतःवर घेतला आणि कारकीर्द तिथेच संपली. ईटनची लाँग व्हॅलीची जमीन त्याच बुडीत बँकेकडे गहाण होती, शेवटी शहराने ती लिलावातल्यासारखी घेतली, त्याने मागितलेल्या भावाच्या आसपाससुद्धा नाही. १९४१ मध्ये तिथे धरण झालं. तेच जर वीस वर्षं आधी झालं असतं तर काय, हा विचार इन्योतल्या जुन्या लोकांना सुटत नाही.

तीसच्या दशकात दरीतली ९५ टक्क्यांच्या आसपास शेतजमीन आणि गावांतली बहुतेक घरं-दुकानं शहराच्या नावावर होती. म्हणजे एका शहराची नगरपालिका शेकडो किलोमीटर लांबच्या काउंटीची जमीनदार.

जमीनदाराच्या जमिनीवर

या मालकीतून काय काय निघतं त्याचा एक नमुना म्हणजे मॅन्झनार. १९१० मध्ये वसवलेलं सफरचंदांचं गाव, शहराने विकत घेऊन ओसाड पाडलं. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून उचलून छावण्यांत टाकायचं ठरलं तेव्हा मोकळी, लांबची, एका मालकाची सहा हजार एकर जमीन सरकारला इथे तयारच मिळाली. शहराची काळजी काय, तर हे लोक कालव्यात काही करतील की काय! एकूण ११ हजारांहून जास्त माणसं इथे राहिली, बहुतेक अमेरिकेचे नागरिक आणि त्यातही बरेच लॉस एंजेलिसचेच रहिवासी. डिसेंबर १९४२ मध्ये दंगल झाली, लष्करी पोलिसांच्या गोळीबारात दोघं मेले. त्या लोकांनी जुन्या गावातली मरायला टेकलेली सफरचंद-नासपतीची झाडं छाटून, पाणी घालून पुन्हा फळांवर आणली. नोव्हेंबर १९४५ मध्ये छावणी बंद झाली, १९९२ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि त्यातली काही झाडं अजून उभी आहेत.

पायूटांचं काय? शेतं गेली तशी त्यांची मजुरीही गेली. १९३७ च्या कायद्याने केंद्र सरकार आणि शहर यांच्यात जमिनीची अदलाबदल झाली, त्यांच्यासाठी राखलेली जवळपास २,९०० एकर जमीन देऊन बिशप, बिग पाइन आणि लोन पाइनजवळ मिळून १,४०० एकरांच्या आसपास घेतली. पाण्याचे हक्क मात्र त्या अदलाबदलीत आले नाहीत, कारण शहराच्या सनदेप्रमाणे मतदारांना विचारल्याशिवाय पाण्याचा हक्क देता येत नाही. शहर ठरावीक पाणी पुरवतं, पण पुरवठा वेगळा आणि हक्क वेगळा. ज्यांचे पाट सगळ्यात जुने त्यांचा प्रश्न आजही चर्चेच्या टेबलावरच आहे.

आणि तळं. ओवेन्स लेक विसाच्या दशकाच्या मध्याला कोरडं पडलं, शंभर चौरस मैलांहून मोठं खारं उघडं तळ. वारा सुटला की त्यावरून पांढरी धूळ उठायची, बारीक, फुप्फुसात जाणारी, आत आर्सेनिकसारखे घटक. कित्येक वर्षं हे ठिकाण अख्ख्या अमेरिकेत अशा धुळीचा सगळ्यात मोठा एकच स्रोत गणलं जायचं. स्थानिक हवा प्रदूषण मंडळाने शहराला कायद्यात पकडलं, १९९८ मध्ये करार झाला, २००१ पासून शहर तळ्यावर पाणी पसरतंय, खडी टाकतंय, खारं गवत लावतंय, खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर गेला. जे पाणी न्यायला एवढं रामायण घडलं त्यातलंच पाणी आता कालव्यातून काढून तळ्यावर शिंपडायचं. उथळ पाणी दिसल्यावर पक्षी परतले, हजारोंनी, आणि आता पक्ष्यांसाठीसुद्धा पाणी बंद करता येत नाही.

काउंटी कोर्टात गेली

इन्योने खरा धडा घेतला तो १९७० नंतर. त्या वर्षी शहराने दुसरा कालवा सुरू केला. पहिल्याची क्षमता ४८५ क्युसेकच्या आसपास, दुसऱ्याची २९०. हा भरायला ओढे पुरेनात म्हणून दरीत विहिरींमधून भूजलाचा उपसा वाढवला, झरे आटले, कुरणं सुकली. पण त्याच १९७० मध्ये कॅलिफोर्नियाने पर्यावरण आढाव्याचा कायदा केला होता आणि १९७२ मध्ये काउंटीने त्याच्या आधाराने दावा ठोकला. डायनामाइटने जे झालं नाही ते वकिलांनी केलं, जरी त्याला एकोणीस वर्षं लागली. १९९१ चा करार बघा, विहिरीवरचा पंप चालू ठेवायचा की बंद हे आसपासच्या झाडोऱ्याच्या मुळाशी ओल किती शिल्लक आहे ते मोजून ठरवायचं. दर वर्षी काउंटीचं पाणी खातं आणि शहराचे लोक एकत्र माळावर जाऊन मोजमाप करतात आणि त्यावर भांडतात. भांडतात म्हणजे चांगलंच आहे, आधी मोजायलाच कुणी नव्हतं.

नुकसानभरपाई म्हणून नदीच्या खालच्या शंभर किलोमीटर पात्रात पुन्हा पाणी सोडायचं ठरलं. शहर चालढकल करत राहिलं, २००५ मध्ये न्यायाधीशाने रोज ५,००० डॉलर दंड लावला आणि दुसरा कालवा बंद करायची तंबी दिली, मग कुठे डिसेंबर २००६ मध्ये पाणी सुटलं. किमान ४० क्युसेक. आणि इथेही शहराने आपली काळजी घेतलीच, हे पाणी शंभर किलोमीटर वाहून तळ्याच्या अलीकडे पोचलं की तिथे पंपहाउस आहे, ते पाणी उचलून परत शहराच्या कामाला! काही का असेना, पात्रात लव्हाळं आलं, मासे आले.

मार्च २०२३ मध्ये पावसाच्या पुराने ओवेन्स लेकजवळ कालव्याखालची माती वाहून नेली आणि शंभरेक फुटांचा तुकडा ढासळला. दुरुस्तीसाठी वरून पाणी वळवायचं होतं, तेव्हा अलाबामा गेट्स उघडली ती खुद्द शहराच्या माणसांनी.

काही लोक म्हणतात, लॉस एंजेलिसने घेतली म्हणून तर दरी मोकळी राहिली, नाहीतर एव्हाना मॉल आणि बंगल्यांनी भरली असती. दिसायला मोकळी आहे हे खरंच, हायवे ३९५ वरून जाताना एका बाजूला सिएराची भिंत आणि मध्ये काही नाही. पण हा युक्तिवाद मला फार सोयीचा वाटतो, मालकाच्या सोयीचा. दरीचं काय करायचं हे दरीतल्यांनी ठरवलं असतं आणि चुकले असते तर ती त्यांची चूक असती.

आजची स्थिती अशी की काउंटीतली ९० टक्क्यांहून जास्त जमीन केंद्र सरकारची, चार टक्क्यांच्या आसपास लॉस एंजेलिसची, आणि खाजगी दोन टक्क्यांहूनही कमी. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण दरीच्या तळातली पाण्याची, सपाट, गावालगतची जमीन तीच. बिशपमध्ये हॉस्पिटलला नर्स मिळाली तर तिला राहायला घर मिळत नाही, कारण गाव जिथे संपतं तिथे शहराचं कुंपण सुरू होतं. पशुपालक शहराकडून भाडेपट्ट्याने कुरणं घेतात, एकराला ठरावीक पाणी मिळतं, दुष्काळी वर्षी ते कापलं जाणार का ही धाकधूक. आणि काउंटीच्या तिजोरीत मालमत्ता कर भरणाऱ्यांत मोठं नाव लॉस एंजेलिसचंच. १९१४ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती झाली होती की नगरपालिकेने आपल्या हद्दीबाहेर घेतलेली जमीन, घेताना करपात्र असेल तर, पुढेही करपात्रच राहील. ती दुरुस्ती नसती तर इन्योला कोर्टात जायला वकिलाची फी कुठून आणायची हाच प्रश्न पडला असता.